कोंडा कुणाच्या घरात मोजायची

माझं नाव धोंडाबाई. हसा, हसा मास्तरीणबाई, सगळीच हसतात. माझ्या आधीची भावंडं जगली न्हाईत, म्हणून मी झाल्याबरोबर आजीनं मला उचललं, गोठ्यामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि ठरवल्याप्रमाणं शेजारीण आली आणि म्हणली, अगं, हा कुणाचा धोंडा पडलाय हितं, वाटेत येतोय, घ्या आत. तशी मी आत आले. म्हणजे काय, की जे न्यायला येतं त्याला वाटावं ह्या घरात पोर न्हाई, धोंडा हाय, आणि त्यानं पुढच्या घराला जावं. तुमी शाळेत हजेरी घेता तेव्हा धोंडू, केरू, दगडू, भिका अशी नावं वाचता ना, तुमी पुण्याच्या, तुमाला ती नुसती नावं वाटतात. आमाला त्यातनं कळतं कुणाच्या घरात काय काय होऊन गेलं.

माहेर जुन्नरच्या अंगाला. वावरात उभं राहिलं की गड दिसायचा. आमच्यात आधी सगळीच मेंढरामागं, पण बापानं मेंढरं मोडून शेती धरली आणि मला पण शेतीवाल्या घरात द्यायचं त्याच्या डोक्यात व्हतं, म्हणून हितं दिली, अवसरी बुद्रुकला. गावात न्हाई बरं का, गाव उंचावर, आमची वस्ती खाली ओढ्याकडंला. सासऱ्यानं दोन लेकांत वाटणी करताना थोरल्याला मेंढरं दिली आणि धाकट्याला ओढ्याकाठचं वावर. धाकटे म्हणजे आमचे मालक. सगळी म्हणली, धाकट्याचं नशीब उघडलं, बसल्या जागी पाणी आणि बसल्या जागी भाकर. मला पण तसंच वाटलं व्हतं. बसल्या जागी आणखी काय काय मिळतं ते नंतर कळलं.

थोरली जाऊ पारूबाई. मी तिला अक्का म्हणते. बोलायला म्हणजे तोफ. माणूस वाईट न्हाई, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुमाला तिचा राग येईल, तो येऊ देऊ नका. तिचं आणि दिराचं कसं, की पाऊस धरला की निघायचं. चिखलात मेंढराचं खूर कुजतं, मग ते सगळा वाडा घेऊन, म्हणजे मेंढरं, घोडं, कुत्री, पोरं, कोंबड्या सगळं घेऊन, उगवतीला पारनेरकडच्या कोरड्या माळाला जायचे आणि दिवाळी झाली की परत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला तिची कीव यायची. पावसात घर न्हाई, दार न्हाई, तीन दगडांची चूल, पोरं घोड्यावर बांधलेली. मी आपली कोरड्या घरात.

आता पोरांचं. किती झाली ते इचारू नका. आमच्यात पोरं मोजत न्हाईत, असलेली न्हाईत आणि गेलेली पण न्हाईत. मेंढरंसुद्धा आमी संध्याकाळी आकड्यानं मोजत न्हाई, तोंडाकडं बघून वळखतो की कोण आलं न्हाई. तसंच ते. झाली आणि गेली. एक पाचवी पुजायच्या आधीच गेलं, त्याला नावच न्हाई. एक रांगत व्हतं. एक मुलगा चांगला बोलायला लागलेला, बापामागं वावरात जायचा, त्याच्या अंगात थंडी भरली, दात वाजायला लागले, घोंगडीवर घोंगडी टाकली तरी थांबेना, मग ताप, मग घाम, मग मधी एक दिवस बरा, हसायला खेळायला लागायचा, आमाला वाटायचं गेलं दुखणं, की पुन्हा थंडी. असं होत होत पोट नगाऱ्यावाणी झालं आणि हातपाय काटक्या.

पोरगं गेलं की पोलीस पाटील दारात यायचा. आत येत न्हाई, अंगणातनंच इचारायचा, काय झालं व्हतं? ताप. बरं. झालं. पोराला ताप, म्हाताऱ्याला ताप, बाळंतिणीला ताप, आमच्या वस्तीला दुसरं दुखणंच ठावं न्हाई असं सरकारला वाटत असंल. त्याचा तरी काय दोष, आमी जे सांगू ते तो वर कळवणार. आणि ज्याचं बारसंच झालं न्हाई त्याची वर्दी कोण देतंय, ते घरच्या घरीच.

सासूनं कधी हात उगारला न्हाई, खोटं बोलू नये. पण पाव्हणं आलं की चूल माझ्याकडं आणि पोरं पारूकडं अशी तिनं वाटणीच करून टाकली व्हती. कुणाचं बारसं असलं की मी गेले तर बाया पोराला पदराखाली घ्यायच्या. सासू म्हणायची, हिच्या ओटीत पोर ठरत न्हाई, आणि पारूच्या ओटीतनं पडत न्हाई, एकाच घरातल्या दोघी, एकाच ओढ्याचं पाणी पितात, मग खोट कुणात? मी पण तेच म्हणायचे, खोट माझ्यात. सवत आणायची बोलणी निघाली, मालक म्हणले, बघू. ते बघू लई वर्षं माझ्या डोक्यावर टांगलेलं व्हतं.

नारायणगावच्या बाजारात लतीफचाचा म्हणून अत्तार बसायचा, म्हातारा, मेंदी लावलेली दाढी. त्याच्याकडनं मी तापावर किराईत न्यायचे. एकदा मी तोंड उघडायच्या आतच त्यानं पुडी बांधायला घेतली. म्हणला, ओढ्याकाठची ना तू? मी म्हणलं, चाचा, तुमी कसं वळखलं? तर म्हणला, पावसात बाजरी निसवली, कणसं बाहेर पडली, की माझ्याकडं किराईत मागणारी सगळी ओढ्याकाठची, माळावरची माणसं येतात ती हळद न् हिंग न्यायला. मी हसले आणि पुडी घेऊन आले. तेव्हा ते कानाआड गेलं.

मग ही पोर झाली. सासू म्हणली, आता ही घरात ठेवायची न्हाई, इकायची. इकायची म्हणजे तुमाला वाटतं तसं न्हाई. सुपात जुनं लुगडं घातलं, त्यावर हिला ठेवली आणि मी सूप घेऊन उंबऱ्याबाहेर बसले. पारूबाई आली, जशी कुणी परकी बाई यावी तशी. काय इकतीस गं? पोर इकते. काय घेशील? काय देशील ते दे. तिनं माझ्या पदरात सूपभर कोंडा ओतला, बाजरीचा, पोराला उचललं, सगळ्यांसमोर स्वतःच्या पदराखाली घेतलं आणि म्हणली, माझी झाली बघा. आणि लगेच म्हणली, धोंडे, मला मेंढरामागं जायचंय, माझं पोर जरा सांभाळ, दूध पाज. आणि परत माझ्या मांडीवर दिली. म्हणून नाव कोंडा. तो कोंडा मी म्हशीला घातला.

पण त्या दिवसापासनं ती पारूची. मी काकी. हळद लागंपातूर दुसरं काही म्हणायचं न्हाई, कुणी ऐकत नसलं तरी म्हणायचं न्हाई, न्हाईतर सगळं केलेलं फुकट. गावात गुपित काही न्हाई, सगळ्यांना ठावं हाय, फक्त बोलायचं न्हाई. मी कधी म्हणले न्हाई. अंगावर पाजली तेव्हा पण म्हणले न्हाई. पोरीला बोबडं बोलायला शिकवलं ते पण काकी म्हण, असंच शिकवलं. पावसाळ्यात पारू गेली की ती माझ्यापाशीच, लहान व्हती, अंगावरची, वाड्यावर कुठं न्यायची. आणि जगली बघा. पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला. सासू म्हणली, बघ, पारूच्या नावानं जगली.

तिसऱ्या पावसाळ्यात तिला थंडी भरली. पांघरूण घातलं आणि बसून राहिले. दिवाळीपातूर ताप येत जात राहिला, मग थांबला, पण पोट खाली बसेना. मी तिला आंघोळ घालताना डाव्या बरगडीखाली हात लावून बघायचे, तिथं कडक लागायचं. आधीच्यांना पण असंच लागलं व्हतं. ही आणखी एक पावसाळा काढणार न्हाई, हे मला कळत व्हतं, आणि बोलायला कुणी न्हवतं, कारण बोलायचं कुणाबद्दल, ती तर पारूची.

तेवढ्यात मृग तोंडावर आला, वाड्याची बांधाबांध चालली व्हती, आणि वस्तीवर जीप आली. एक डाक्टर, चष्मेवाला, पुण्याकडचा, आणि एक नर्सबाई, थोराड, बोलायला आपल्यातलीच. म्हणले, आमाला औषध द्यायचं न्हाई आधी, मोजायचंय. कोणत्या गावात हिवताप किती, पोरं किती जातात, ते सगळं मोजून वर न्यायचं, मग जिथं जास्त तिथं फवारणी आधी येणार. मोजायचंय म्हणल्यावर बाया घरात गेल्या. म्हाताऱ्या म्हणल्या, पोरं काय मोजायची वस्तू हाय? मग नर्सबाई हुशार, ती चिंचेखाली घोंगडीवर बसली, पाणी मागितलं, तंबाखू मळली, आणि पारूच पुढं झाली. म्हणली, डाक्टर, पोरांची पोटं बघताय तर आमच्या मालकाचं पण बघा, लई भाकरी जातात आत. सगळी हसली आणि मग बाया एकेक बाहेर आल्या.

नर्सबाईनं मला इचारलं, मुलं किती झाली? मी म्हणलं, आमी मोजत न्हाई. तिनं हट्ट केला न्हाई. म्हणली, बरं, पहिलं झालं तेव्हा वावरात काय व्हतं? मी म्हणलं, हरभरा. गेलं कधी? बाजरीची राखण चालली व्हती तेव्हा. दुसरं? ते पण बाजरी व्हती. आणि त्याच्या पाठचं? बाजरी निसवली व्हती. मी सांगत गेले आणि माझी मलाच ऐकू यायला लागली, बाजरी, बाजरी, बाजरी. हरभऱ्यात कुणी गेलं न्हाई, गव्हात कुणी गेलं न्हाई. आमच्या शेजारणीचं पण तसंच निघालं, तिच्या शेजारणीचं पण. इतकी वर्षं ओळीनं रडलेल्या बाया आमी, पण कधी एका जागी बसून हे बोललो न्हवतो. मला लतीफचाचाची पुडी आठवली.

मग नर्सबाई म्हणली, आणि आता जिवंत किती? सासू मागं उभी. पारू बाजूला. कोंडा पारूच्या लुगड्याचा पदर चघळत उभी. मी म्हणलं, कुणी न्हाई. नर्सबाईनं मान हलवली आणि पारूकडं वळली. पारूला काय, तिची सगळी समोरच व्हती, ती म्हणली, ही बघा उभी हायेत, ही पोरं आणि ही कोंडा. झालं. नर्सबाईनं कोंडा पारूच्या घरात धरली.

डाक्टर पोरांना घोंगडीवर उताणं निजवायचा, गुडघे वर घ्यायला लावायचा आणि डाव्या बरगडीखाली बोटं दाबून बघायचा. तिथं जी गाठ धरती तिला आमी पानथरी म्हणतो. ती बरगडीखाली किती खाली आली ते तो बोटांनी मोजायचा आणि नर्सबाईला सांगायचा. दोन बोटं, तीन बोटं, दोन बोटं. आमच्या वस्तीवरचं एक पोर सुटंना. नर्सबाई म्हणली, वरच्या गावठाणात सकाळपासनं एवढी न्हाई लागली, आणि हितं घराघरात हाय. डाक्टर ओढ्याकडं बघून म्हणला, बघा की, पाणी कुठं तुंबलंय ते, त्यातले डास, घरं तिथंच. मी ऐकलं. काय सांगू तुमाला बाई, माझ्या डोक्यावर इतकी वर्षं जे व्हतं ते त्यानं एका वाक्यात उचलून ओढ्यात टाकलं, आणि त्याला पत्ता पण न्हाई. मी सासूकडं बघितलं. सासू म्हणली, मग पारूची कशी जगली, तिला काय डास चावत न्हाईत?

तेवढ्यात पारूची पोरं निजवली. पहिल्याला काही लागंना. दुसऱ्याला न्हाई. तिसऱ्याला न्हाई. डाक्टरला पण नवल वाटलं. मग कोंडाला निजवली आणि त्याचा हात थांबला. चार बोटं, म्हणला. पुन्हा दाबलं. चारच. तो चष्मा काढून पारूला म्हणला, बाई, तुमची बाकीची अशी ठणठणीत आणि ह्या एकटीला एवढी पानथरी, एकाच आईची, एकाच घरातली, हे कसं? पारू, एवढी बोलणारी बाई, पोरीचं झबलं खाली ओढत बसली. सासूनं तोंड फिरवलं. सगळी वस्ती खाली बघायला लागली, कारण सगळ्यांना ठावं, आणि बोलायचं कुणीच न्हाई. डाक्टर नर्सबाईला म्हणला, काहीतरी चुकतंय आपलं, पुन्हा बघायला पायजे.

मी मनात म्हणलं, ही मोजणीतली चूक म्हणून सुटली तर आता कायमची सुटली. हे लोक उद्या दुसऱ्या गावाला जाणार. आणि मला ते उत्तर दिसलं व्हतं, सासूनं वर्षानुवर्षं इचारलेल्या प्रश्नाचं, ओटीचं न् खोटीचं. पारूच्या ओटीत गुण न्हवता, माझ्या ओटीत खोट न्हवती. पारू पावसाळ्यात हितं नसायचीच. मी पदर सावरला आणि म्हणलं, डाक्टर, ही पोरं पाऊस धरला की मेंढरामागं जातात, पारनेरकडं, दिवाळीला येतात. ही लहान म्हणून हितं मागं राहती. कुणापाशी? म्हणला. मी म्हणलं, माझ्यापाशी.

डाक्टरचा चेहरा उजळला. त्याला कोडं सुटलं. तो नर्सबाईला म्हणला, बघा, जी इथं राहिली ती आजारी, जी गेली ती चांगली, आई एकच. त्याला किती आनंद झाला ते मला अजून दिसतं. मग तो पारूकडं वळला आणि चांगल्या मनानं म्हणला, अहो बाई, आई ना तुमी हिची? मग पोटच्या पोरीला दुसरीच्या घरात कशाला ठेवून जाता? मी गोळ्या देतो, पण पावसाळ्यात ती ह्या ओढ्यावर राहिली तर पुन्हा धरणार, आणि पुढच्या वेळी निभंल असं मी म्हणणार न्हाई. फवारणी कधी येईल ते माझ्या हातात न्हाई. हिला तुमच्याबरोबर न्या. पारूनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं न्हाई. ती म्हणली, न्हेते की. माझीच हाय ती.

काय खोटं बोलला तो? एक शब्द न्हाई. चुकीच्या आईला बरोबर सांगितलं, एवढंच.

सांगून टाकायचं व्हतं, असं तुमी म्हणाल. सांगून काय झालं असतं? मी उभी राहून म्हणले असते, तर डाक्टरनं मलाच सांगितलं असतं की ओढा सोडून जा. मी कुठं जाणार? वावर हितं, म्हस हितं, म्हातारी सासू हितं, मालक हितं. मेंढरं थोरल्याची. पोर जगवायची तर वाड्यावर धाडायची, आणि वाडा पारूचा. मी कुठल्याही वाटेनं गेले तरी येऊन तिथंच उभी राहत व्हते. मग तोंड तरी कशाला घाण करा.

निघाले त्या दिवशी पारूनं कोंडाला घोड्यावर बोचक्यात बसवलं, एका अंगाला कोंबडीचा झाप आणि एका अंगाला ती. मी गोळ्यांची पुडी पारूच्या कनवटीला बांधली. पारू म्हणली, धोंडे, असं तोंड करू नको, मी काय हिला खाणार हाय? मी म्हणलं, अक्का, कडू हायेत, गुळात घालून दे, न्हाईतर थुंकून टाकती. बास, एवढंच बोलले. मला वाटलं व्हतं पोर रडंल. ती कसली रडती, घोडं चाललं तशी हसायला लागली. मागं बघितलं पण न्हाई. मी घरी आले, खुरपं घेतलं आणि वावरात गेले, तण लई माजलं व्हतं.

त्या पावसाळ्यात वस्तीवर पुन्हा पोरं गेली. पाटील पुन्हा अंगणात उभा राहिला, ताप, बरं. दिवाळी झाली आणि वाडा आला. कोंडा काळी झालेली, पायाला घट्टे, पोट आत गेलेलं. आल्या आल्या पारूला हाक मारली, आई गं, भूक लागली. आधी आमी शिकवलं म्हणून म्हणायची, ती हाक तशी न्हवती. ही खरीच हाक व्हती. मी भाकरी दिली. ती म्हणली, काकी, तुझ्या भाकरीला राख लागत न्हाई. रात्री निजली पारूपाशी. मी हात लावून बघायचं म्हणून सकाळी आंघोळीला बोलावलं, बरगडीखाली काही लागलं न्हाई. नुसतं पोट. मला तेवढं पुरलं. पुरलं पायजे, दुसरं काय.

मग पुढं दर वर्षी तसंच. दोन-तीन वर्षांनी फवारणीवाले आले, पाठीवर पंप, भिंती, आढी, गोठा सगळं पांढरं केलं. बाया म्हणल्या, देवाच्या कोनाड्यात मारू देणार न्हाई. मी म्हणलं, मारा, तिथं पण डास बसतात, देव काही बोलणार न्हाई. ढेकणं मेली, त्याचाच वस्तीला जास्त आनंद झाला. ओढ्याची कोंडलेली जागा फोडून पाणी वाहतं केलं. त्या बाजरीत एकाही घरात रडणं झालं न्हाई. पुढच्या बाजरीत पण न्हाई. शेजारणीचं पोर झालं त्याचं नाव ठेवलं अशोक. आमच्या वस्तीवर पहिल्यांदा कुणी पोराला असं नाव दिलं, न घाबरता.

मी सूप काढलं. नव्या कोंड्यानं भरलं, दाबून भरलं, तिनं दिला व्हता त्याहून जास्त. आणि पारूच्या दारात गेले. अक्का, म्हणलं, आता भिंती मारल्यात, ताप उतरलाय, यंदा हिला मागं ठेव. इकत घेतलीस तशी परत दे. पारू भाकरी थापत व्हती. तिनं सुपाकडं बघितलं. मला वाटलं चिडंल. चिडली न्हाई. म्हणली, ठेव सूप. घे पोर. मी अडवत न्हाई तुला. फक्त एक सांग धोंडे, पाऊस पडला, पाणी पुन्हा तुंबलं आणि हिला काही झालं, तर ते कुणाच्या ओटीत जाईल? तिनं तव्यावरची भाकरी उलटली. वाफ आली. मी उभी राहिले. डाक्टरनं सांगितलेलं मला पाठ व्हतं, डास, पानथरी, सगळं, खोट माझ्यात न्हाई हे मला ठावं व्हतं. पण पाय काही पुढं टाकवंना. सूप घेऊन परत आले. कोंडा म्हशीला घातला.

परवा पुन्हा मोजायला आले, तीच मोजणी, माणसं नवी. आता नर्सबाई पोरगेलीशी, पटापटा बोलणारी. मी दारात तांदूळ निवडत व्हते आणि कोंडा माझ्यापाशी बसून शेळीच्या पायातला काटा काढत व्हती. मोठी झाली आता, दिवाळीनंतर तुमच्या शाळेत येती तीच, पुढच्या रांगेत बसती, तुमच्या हजेरीत पारूबाईच्या घरची. नर्सबाईनं इचारलं, काकू, मुलं किती झाली, किती हायेत? मी तांदूळ निवडत राहिले. त्या आधीच्या बाईगत हिला वावरावरनं इचारायचं सुचंना. तिनं पुन्हा इचारलं, सांगा की, एक पण न्हाई का?

कोंडानं काट्यावरनं मान वर केली न्हाई. म्हणली, हिची एक हाय. पण ती मोजायची न्हाई.

नर्सबाई हसली, म्हणली, हे कसलं उत्तर, मी काय लिहू? कोंडा म्हणली, काही लिहू नका, तेवढं मोकळं ठेवा. आणि शेळीच्या ढुंगणावर चापट मारून उठून गेली. तांदळात खडा न्हवता तरी खडा शोधत बसले.

कुणी सांगितलं तिला, कधी कळलं, मी इचारलं न्हाई. इचारायचं म्हणजे बोलावं लागंल.

आता तिची सोयरीक बघतात. पारू म्हणती, माळावरच्या गावातच द्यायची, ओढ्याकाठी द्यायची न्हाई, आणि मी म्हणते, अक्का, तुला पटंल तिथं दे. हळद लागली की मी म्हणायला मोकळी. पण तवर ती दुसऱ्याच्या घरची झालेली असणार. असू दे. जिथं असंल तिथं तिच्या पोरांना चांगली नावं ठेवू दे, शहाण्यासुरत्या माणसांच्या पोरांना असतात तशी.

यंदा पण पाऊस धरलाय, उद्या-परवा वाडा निघंल. मी तिच्यासाठी लाडू बांधलेत, पारूच्या पोरांसाठी पण बांधलेत, एकीलाच कसे बांधायचे. आणि बघा मास्तरीणबाई, इतका वेळ तुमच्याशी बोलले, पण ती माझी कोण लागती, तो एक शब्द मी म्हणले न्हाई. तुमी पण तो लिहू नका. जागा तेवढी मोकळी ठेवा.